कानंदीचं गार पाणी आणि ठकूबाईचा गळा

दवाखान्यात काम करणाऱ्या माणसाकडे दोन गोष्टी साठत जातात, रिकाम्या बाटल्या आणि किस्से. बाटल्या धुऊन पुन्हा भरता येतात. किश्शांचं तसं नाही, कुणाला तरी सांगितल्याशिवाय ते जागाच सोडत नाहीत! मी मूळचा भोंगवलीचा, पण ऐन उमेदीची वर्षं वेल्ह्याच्या दवाखान्यात कंपौंडर म्हणून काढली. इंग्रज अजून होते, भोरला संस्थान होतं, आणि नसरापुराहून वेल्ह्याला यायचं तर बैलगाडी, नाहीतर आपले पाय.

सगळंच सांगत बसलो तर तुमचा चहा निवून जाईल. म्हणून आज फक्त गार पाण्याचं सांगतो.

*

गार पाणी म्हटलं की आधी गोपाळमास्तर आठवतात. भोरला ड्रॉइंग शिकवून रिटायर झालेले, वेल्ह्याला बहिणीच्या घरी राहायला आलेले. अंगाने काटकुळे, डोक्यावर काळी टोपी, बोलताना एक बोट वर. कुण्या जर्मन माणसाच्या जलोपचाराच्या पुस्तकाचं भाषांतर त्यांच्या हाती पडलं, आणि टबात गार पाणी भरून त्यात कमरेपर्यंत बसल्यावर त्यांची वीस वर्षांची डोकेदुखी थांबली. झालं! तेव्हापासून मास्तरांना जगातल्या प्रत्येक रोगावर एकच औषध दिसू लागलं.

ते रोज सकाळी दवाखान्याच्या ओट्यावरच्या बाकावर येऊन बसत. आत आमचे डॉक्टर. पुण्याला शिकलेले, तरुण, हुशार आणि तोंडाचे जरा तिखट. पेशंट आत जायच्या आधी मास्तर त्याला बाहेरच गाठत आणि ओली पट्टी कशी बांधायची ते सांगत.

एकदा डॉक्टर चिडून बाहेर आले. "मास्तर, निदान माझ्या ओट्यावर तरी माझे पेशंट मला ठेवा!"

"मी कुठे धरून ठेवतो त्यांना?" मास्तर शांतपणे म्हणाले. "तुमचं औषध कडू, माझं नुसतं गार. माणूस विचार करायला थांबणारच!"

आणि गंमत म्हणजे दुपारी दोघं एकाच किटलीतला चहा प्यायचे. मास्तर आपला कप पूर्ण थंड होऊ द्यायचे, मगच तोंडाला लावायचे.

*

आमच्या खोऱ्यात तेव्हा गलगंड फार दिसायचा. कुणाच्या गळ्याला सुपारीएवढी गाठ, कुणाच्या लिंबाएवढी. डॉक्टरांना त्याची मोठी चिंता. एका बाजाराच्या दिवशी त्यांनी ओट्यावर लोक जमवले आणि समजावून सांगितलं, की गळ्यात थायरॉईड नावाची ग्रंथी असते, आयोडीन कमी पडलं की ती सुजते, म्हणून मी देतो ते थेंब नियमाने घ्या.

पुढे बसलेले एक पाटील ताडकन उठले. "आमच्या घराण्यात असली काई भानगड न्हाई!"

"पाटील, ती प्रत्येकाच्याच गळ्यात असते. तुमच्याही आहे."

पाटलांनी आपला गळा चाचपला. चेहरा उतरला. तडक घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी बायको, दोन भाऊ, भावजया, सगळ्यांना गाडीत घालून हजर! डॉक्टरांनी एकेकाचा गळा बघितला आणि सगळ्यांची थायरॉईड अगदी ठणठणीत असल्याचं सांगितलं.

पाटील जवळ सरकून हळूच म्हणाले, "सायेब, ठणठणीत हाय तवरच काडून टाका की. उगं घरात कशापायी ठिवायची?"

*

गुंजवण्याचा शिरपती हा भातशेती करणारा गडी. अंगाने दणकट, गळ्याला मात्र चांगली लिंबाएवढी गाठ. त्याने डॉक्टरांचे थेंब घेतले आणि बाहेर येऊन मास्तरांचाही सल्ला घेतला. मास्तरांनी बोट वर केलं. "पाणी जितकं गार तितका गुण जास्त. डोंगरावरच्या कातळटाक्यातलं मिळालं तर उत्तमच!"

मास्तर बोलून मोकळे झाले. शिरपतीच्या गावावर राजगड उभा. तो पहाटे उठून घागर घेऊन गडावर जायचा, टाक्यातलं पाणी भरायचा आणि खाली येऊन गळ्याला पट्टी बांधायचा. भात कापून झालं होतं, रान मोकळं होतं, माणूस रिकामा होता. असं आठ दिवस केल्यावर तो एकाएकी दिसेनासा झाला. महिन्याने दवाखान्यात आला तेव्हा रापून काळा ठिक्कर पडला होता.

"कुठे होतास रे?" डॉक्टर म्हणाले.

"गडावर."

"महिनाभर?"

"मग काय करू? पाणी खाली येईस्तवर कोमट व्हतंय. म्हून म्या गळाच वर नेला!"

डॉक्टरांनी गाठ तपासली. होती तेवढीच होती. पण शिरपतीच्या पोटऱ्या बघून डॉक्टर मला म्हणाले, "कंपौंडर, याची नाडी बघा, घोड्याची वाटते." आम्ही हसलो खरे, पण मनातून मी चाट पडलो होतो. बरं व्हायचं म्हणून माणूस आपलं घरदार सोडून कातळावर महिना काढतो, आणि आम्ही त्याला थेंब वेळेवर घे म्हणून दटावतो.

*

आता ठकूबाई. तोरण्याच्या उतारावर धनगरांची चार घरं होती, त्यातलं एक तिचं. पन्नाशीची, उंच, डोक्यावरून घोंगडी घेऊन चालायला लागली की बरोबरच्या माणसाला पळावं लागायचं. नवरा धुळाबा गुडघ्याने अधू, पोटी मूल नाही. पन्नाससाठ शेळ्यामेंढ्या ती एकटीच राखायची आणि राखायची ती हाकेवर. दिवस कलला की माळावर उभी राहून एक लांब हाक द्यायची, आणि ओढ्यात, झुडपात, कड्याखाली जिथे म्हणून जनावर असेल तिथून ते तिच्याकडे पळत सुटायचं. ती हाक खाली वेल्ह्याच्या पेठेत ऐकू यायची. दुकानदार म्हणायचे, "ठकूबाईची हाक झाली, कंदील पुसा आता." मी स्वतः कितीदा औषधाची पुडी बांधताना हात थांबवून ती ऐकली आहे.

एके दिवशी ती दवाखान्यात आली ती तोंडाला पदर लावून. पदर खाली केला, तर गळ्याला पेरूएवढी गाठ. आणि आवाज असा घोगरा, की मी तिच्या तोंडाकडे बघतच राहिलो.

"हाक फुटंना, डागदर," ती म्हणाली. "जनावरं लांबनं बगत्यात, पर येत न्हाईत. धुळाबाची हाक त्यास्नी ठावी न्हाई. परवा एक करडू बिबट्यानं नेलं."

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. गाठ श्वासनळीवर दाबत होती. पुण्याला ऑपरेशन करावं लागेल म्हणाले. पण माणूस खोटं बोलणारा नव्हता. "आवाजाची शीर त्या गाठीला अगदी चिकटून जाते, ठकूबाई. तिला धक्का बसला तर..."

"म्हंजी गाठ जाईल आन हाकबी जाईल?"

"जाईलच असं नाही."

"पर जाईल."

डॉक्टरांनी मान डोलावली.

"मग गाठ ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली आणि उठली. बाहेर बाकावर मास्तर बसलेलेच होते.

*

मास्तरांनी चाळीस दिवसांचा उपचार सांगितला. सूर्य उगवायच्या आत कानंदी नदीच्या डोहात गळ्याइतक्या पाण्यात बसायचं, नंतर गळ्याला ओली पट्टी. आणि मोजमाप हवं म्हणून गाठीभोवती दोरा बांधायचा. गाठ उतरेल तसा दोरा सैल पडेल, सरळ हिशोब! मास्तरांनी स्वतः शिवणाचा दोरा बांधला, तो तिसऱ्या दिवशी तुटला. मग ठकूबाईने घोंगडीच्या लोकरीचा पिळून काळा दोरा केला, त्यात बिरोबाचा चांदीचा टाक ओवला आणि तो गळ्याशी घट्ट बांधला.

डॉक्टर म्हणाले, "थेंब चालू ठेवायचे, दम लागला तर तिथेच थांबायचं, आणि मी जातीने काठावर हजर राहणार." मास्तरही रोज काठावर. ती पाण्यात असेपर्यंत अन्नपाणी घ्यायचं नाही, असं त्यांनी स्वतःलाच बांधून घेतलं होतं. मात्र एक सांगतो, मास्तरांनी कानंदीत कधी पाऊल टाकलं नाही. त्यांचं पाणी टबातलं.

पौष लागला होता. काठावरच्या गवतावर दहिवर पांढरं दिसायचं. मी एकदा फुशारकीने डोहात उतरलो आणि "आई गं!" म्हणेपर्यंत बाहेरही आलो. ठकूबाई मात्र खाटेवर बसावं तशी पाण्यात बसायची आणि बोलत राहायची. कुठली शेळी व्यायली, कुठल्या मेंढीला लागलंय. डॉक्टर घड्याळ धरून उभे. अर्धा तास झाला की ती काठाशी यायची आणि हात पुढे करायची, डॉक्टर नाडी बघायचे.

एका सकाळी तिने मास्तरांना हाताने खुणावलं. "मास्तर, डागदराला कायतरी द्या. लई कापतुया."

खरंच, तिची नाडी संथ चालली होती आणि धरणारा हात थडथडत होता! डॉक्टर त्या दिवशी परत येताना एवढंच म्हणाले, "कंपौंडर, पुस्तकात माणसाचं शरीर लिहिलेलं असतं. ही बाई लिहिलेली नाही."

*

विसाव्या दिवशी दोरा सैल झाला. तिसाव्या दिवशी त्यात एक बोट जाऊ लागलं. मास्तरांचे डोळे भरून आले. पेठेत बातमी पसरली, गलगंडवाले सगळे डोहाकडे धावले. एका सकाळी मी मोजले तर अकरा जण पाण्यात, आणि अकराही जणांच्या गळ्यात लोकरीचे दोरे! शिरपतीसुद्धा गुंजवण्याहून येऊन त्यात बसला होता.

चाळिसाव्या दिवशी डॉक्टरांनी खिशातून शिंप्याची टेप काढली. पहिल्या दिवसाचं माप त्यांनी गुपचूप लिहून ठेवलं होतं. त्यांनी ठकूबाईचा गळा मोजला. पुन्हा मोजला. मग मास्तरांकडे टेप दिली.

गाठ तसूभरही उतरली नव्हती, उलट अर्ध्या बोटाने वाढलेली होती. रोज भिजून आणि टाकाच्या वजनाने लोकरीचा दोरा ताणला गेला होता, एवढंच.

मास्तर मटकन खाली बसले. मग ठकूबाईच म्हणाली, "लोकर भिजली की वाढती, मास्तर. ह्ये तर आमच्यातल्या लेकरालाबी ठावं असतं."

"तुम्हाला माहीत होतं?" मास्तर कसेबसे म्हणाले. "मग सांगितलं का नाही?"

"तुमी माज्यापायी उपाशी उभं ऱ्हात व्हता. त्वांडावर येवडा आनंद. म्या कंच्या जिवानं सांगनार?"

मी त्या वेळी नदीकडे तोंड फिरवलं. मला रडू येत होतं, खोटं कशाला बोलू? ज्या बाईची हाक हरवत चालली होती ती चाळीस दिवस दुसऱ्याचं मन राखत गार पाण्यात बसली होती.

ती पाण्यातून उठली, घोंगडी घेतली आणि म्हणाली, "आता आडवं पडलं तरी दम कोंडतुया. म्या मेल्यावर धुळाबाला कोन बगंल? डागदर, पुण्याला कागद लिवा. मास्तर, तुमी येताल का संगं?"

इंग्रजी दवाखान्याची पायरी आयुष्यात चढणार नाही, असं सांगत फिरणारे मास्तर दुसऱ्याच आठवड्यात बैलगाडीत तिच्या शेजारी बसले होते. मांडीवर कानंदीच्या पाण्याची कळशी. "उपचार नव्हे," ते मला पुन्हापुन्हा सांगत होते. "तिला गावचं पाणी प्यायला असावं म्हणून."

*

ऑपरेशन झालं. महिन्याने ठकूबाई परत आली ती सपाट गळ्याने. श्वास मोकळा, झोप शांत. आणि आवाज? नुसता वारा! तोंड हलायचं, शब्द कानाशी यायचा, पण चार हातांवर काही पोचायचं नाही. डॉक्टरांनी पुण्याला पत्रं लिहिली. उत्तर आलं, काहींचा आवाज काही महिन्यांनी परत येतो, काहींचा येत नाही.

ती माळावर थाळा वाजवायची. जनावरं थाळ्याला घाबरून आणखी वर पळायची. पावसाळ्यात बिबट्याने दोन शेळ्या नेल्या. धुळाबा म्हणाला, निम्मी जनावरं विकून टाकू. पेठेत संध्याकाळी कंदील उशिरा लागू लागले, कारण वेळ सांगणारं कुणी उरलं नव्हतं.

मास्तरांनी बाक सोडला. ते पुस्तक त्यांनी माझ्याकडे आणून दिलं आणि म्हणाले, "पुड्या बांधायला घ्या." मी पुड्या नाही बांधल्या. कपाटात ठेवून दिलं.

ठकूबाईने मात्र हिवाळा लागताच पुन्हा डोहात बसायला सुरुवात केली. डॉक्टरांनी विचारलं, "आता कशाला?" तिने कुजबुजून सांगितलं, "बरं वाटतं. मागल्या साली सवय लागली."

*

पौषातली ती सकाळ. डॉक्टरांनी मास्तरांना अक्षरशः हाताला धरून काठावर आणलं होतं. "घरात बसून कुढून तुमची डोकेदुखी परत येईल," म्हणाले. मी मागून टॉवेल घेऊन. वर माळावर तिची जनावरं विखुरलेली, पांढरे काळे ठिपके.

ठकूबाई पाण्यात होती. मास्तरांना बघून तिने हात केला, या म्हणून. मास्तरांनी मान हलवली. तिने पुन्हा हात केला. मग काय झालं कुणास ठाऊक, मास्तरांनी टोपी काढली, माझ्या हातात दिली, धोतर खोचलं आणि कानंदीत पाय टाकला. जन्मात पहिल्यांदा!

"अरे बापरे," ते म्हणाले. गुडघ्याइतक्या पाण्यात एकदा, कमरेइतक्या पाण्यात एकदा. डॉक्टर हसत होते. छातीइतक्या पाण्यात मास्तरांचा पाय शेवाळाच्या दगडावरून सुटला आणि ते दिसेनासे झाले. नुसते बुडबुडे.

डॉक्टर कोटासकट पुढे धावले. मी ओरडलो की नाही, मला आठवत नाही, कारण त्याच क्षणी ठकूबाईने हाक दिली.

तीच हाक! लांब, भरीव, सगळ्या खोऱ्यावरून फिरून परत येणारी. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. डॉक्टर कमरेइतक्या पाण्यात होते तिथेच थबकले. ठकूबाईने मात्र हाक देता देताच हात खाली घातला आणि मास्तरांना बखोटीला धरून वर काढलं. मास्तर खोकत होते, डोळे मिचकावत होते. आणि ती स्वतःचा गळा दोन्ही हातांनी धरून उभी.

मग वरून आवाज आला. खुरांचा. माळावरचे ठिपके हलले, एकत्र आले आणि उतारावरून खाली सुटले. दगड गडगडत होते. शेळ्या, मेंढ्या, करडं, सगळी धूळ उडवत काठावर आली आणि पाण्याशी येऊन थांबली. वर्षभरात हाकेला न आलेली ती जनावरं माना वर करून तिच्याकडे बघत होती.

मास्तरांनी दातांवर दात आपटत डॉक्टरांकडे बघितलं. डॉक्टरांनी मास्तरांकडे बघितलं. दोघांच्याही तोंडाशी काहीतरी आलेलं मला दिसलं, आणि दोघंही ते गिळून उभे राहिले.

ठकूबाई पाण्यातून बाहेर आली. घोंगडी घेतली नाही, आमच्याकडे बघितलंही नाही. ओल्या लुगड्याने तशीच माळ चढू लागली. सगळी जनावरं तिच्या पायाशीच होती, एकही मागे राहिलेलं नव्हतं. तरी ती वर पोचेपर्यंत हाका मारत होती.